कोकणात व्यावसायिक जागांची दलाली: सुरुवात गाळ्यापासून करा, जमिनीपासून नको

चिपळूणच्या पेठेत नवा एजंट ओळखायचा असेल तर त्याचा मोबाईल बघावा. गुहागरचा 'सी टच' प्लॉट, हायवेला लागून पाच एकर, 'क्लिअर टायटल, अर्जंट सेल', असलं सगळं त्यात असतं. तोच फोटो आणखी चाळीस एजंटांकडे फिरत असतो आणि मूळ मालकाला त्यातला एकही ओळखत नसतो. पेठेतल्या एखाद्या रिकाम्या गाळ्याचा फोटो मात्र शोधून सापडत नाही.

मीही असाच होतो. पहिली दोन वर्षं मी दुसऱ्यांना जमिनी दाखवत पेट्रोल जाळलं. घर चालायला लागलं ते भाड्याच्या गाळ्यांवर. जमिनीचा सौदा वर्षात एखादा होतो, झाला तर. गाळा, ऑफिस, गोडाऊन, बँकेची जागा, क्लिनिक यांचं भाडं कुठे ना कुठे रोज ठरत असतं. म्हणून या धंद्यात नव्याने येणाऱ्याला मी गाळ्यांपासूनचा क्रम सांगतो. जमिनीकडे नंतर येऊ.

आधी एक पेठ पाठ करा

एकच शहर धरा. रत्नागिरी, खेड, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी, माणगाव, अलिबाग, जिथे तुमचं घर आहे ते. एक जाड वही घ्या आणि मुख्य रस्त्याच्या एका टोकापासून चालायला लागा. प्रत्येक गाळ्याला एक ओळ: मालक कोण, आत कोण बसतो, समोरची रुंदी किती फूट, आत कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) अंदाजे किती, वर पोटमाळा आहे का, मागे दार आहे का, टेम्पो कुठे लागतो, सध्याचं भाडं काय आणि करार कधी संपतो.

शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. जागा रिकामी झाल्यावर पाटी लागते आणि पाटी सगळ्यांनाच दिसते. करार मार्चमध्ये संपतोय हे डिसेंबरात ज्याला माहीत असतं त्याला स्पर्धाच नसते. ही माहिती एकदम कोणी देत नाही. चहाच्या टपरीवर, कटिंगच्या दुकानात, घरभाड्याची बोलणी चालू असताना ती तुकड्यातुकड्याने मिळते. पहिल्या तीन महिन्यांत मी दोनशेच्या आसपास गाळे लिहिले होते. त्यातले निम्मे भाड्याचे आकडे चुकीचे निघाले, कारण मालक वाढवून सांगतो आणि भाडेकरू कमी करून. दोघांनाही विचारा, खरा आकडा मधे कुठेतरी असतो.

चिपळूणच्या वहीत आणखी एक रकाना आहे: पाणी. २२ जुलै २०२१ च्या पुरात वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी पेठेत किती चढलं हे आज प्रत्येक भाडेकरू पहिल्या पाच मिनिटांत विचारतो. २००५ चा पूर आठवणारे लोक तर आधी भिंतीवरचं निशाण शोधतात. 'इथे फारसं नव्हतं हो' असं सांगून गाळा देणारा एजंट एकदाच देतो. मी मोजपट्टी लावून उंची लिहून ठेवली आहे. औषधाच्या दुकानाला किंवा इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला मीच आधी सांगतो की इथे खाली माल ठेवू नका, नाहीतर वरचा मजला असलेली जागा दाखवतो. महाड, खेड, राजापूर इथे काम करणाऱ्यानेही हा रकाना आखून घ्यावा.

रस्ता बदलला की वहीही बदलते. कणकवलीत महामार्ग उड्डाणपुलावरून गेला आणि मुंबई-गोवा गाड्या डोक्यावरून जाऊ लागल्या. वाटेत थांबणाऱ्या गिऱ्हाईकावर चालणारं हॉटेल आणि गावातल्या गिऱ्हाईकावर चालणारं कापडाचं दुकान यांच्यासाठी त्याच गाळ्याची किंमत आता वेगळी आहे. नकाशावर 'हायवेलगत' दिसणाऱ्या जागेला प्रत्यक्षात सर्व्हिस रोडवर उतरायला किती अंतर पुढे जावं लागतं, ते स्वतः गाडी चालवून बघा.

नोंदणी आणि कागद

महारेरा, म्हणजे राज्याचं स्थावर संपदा नियामक प्राधिकरण, १ मे २०१७ पासून चालू आहे. नोंदणीकृत प्रकल्पातला गाळा किंवा ऑफिस विकायला मध्यस्थी करायची तर एजंट म्हणून नोंदणी हवीच. निवासी असो वा व्यावसायिक, कायदा एकच. व्यक्तीसाठी शुल्क १०,००० रुपये, मुदत पाच वर्षं. त्याआधी २० तासांचं प्रशिक्षण आणि परीक्षा आहे. १ जानेवारी २०२४ पासून हे सक्षमता प्रमाणपत्र नसेल तर नोंदणी होत नाही. नोंदणीशिवाय काम केलं तर दिवसाला १०,००० रुपये दंड, तो मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो.

जुन्या इमारतीतल्या गाळ्याचं भाडं किंवा फेरविक्री या नोंदणीत येत नाही. त्यामुळे 'मला काय गरज' असं म्हणणारे कोकणात भरपूर भेटतील. तरीही घ्या. मुंबईचा बिल्डर आणि बाहेरची कंपनी पहिला प्रश्न महारेरा नंबरचाच विचारते, आणि परीक्षेच्या निमित्ताने कायदा एकदा तरी वाचून होतो.

बाकी चालू खातं, पॅन, दुकाने अधिनियमाखाली ऑनलाइन सूचना एवढं सुरुवातीला पुरतं. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी, दलालीवर १८ टक्के. दुसऱ्याकडे आधी वर्षभर काम करावं का असं विचाराल तर हो, पण गाळ्यांचं काम करणाऱ्याकडे. प्लॉटिंगच्या स्कीम विकणाऱ्याकडे बोलणं तेवढं शिकाल, कागद नाही.

मोजमाप

लेझर मीटर घ्या, दोन-तीन हजारांत मिळतो. कोकणात अजून 'चारशे फूट आहे' असं तोंडी चालतं आणि ते चारशे नेमके कुठले हे कोणी विचारत नाही. समजा मालक ४२० फूट सांगतो आणि ३० रुपये दराने १२,६०० भाडं मागतो. आत मोजलं तर कार्पेट ३०० भरतं. म्हणजे दर ४२ रुपये पडला. शेजारच्या गाळ्याचा मालक कार्पेटवरच ३८ मागत असेल तर पहिला महाग आहे, जरी ऐकायला स्वस्त वाटला तरी. हे गणित दोन्ही बाजूंसमोर कागदावर मांडा. एकदा मांडलंत की पुढची घासाघीस आपोआप कमी होते.

मोजताना तीन फेज वीज आहे का, मीटर कोणाच्या नावावर, घरपट्टी व्यावसायिक दराने लागली आहे का, हेही बघून घ्या. राहत्या घराच्या पडवीचं शटर लावून केलेला गाळा कोकणात पदोपदी आहे. तिथे किराणा दुकान चालून जाईल. बँक किंवा औषध दुकान येणार असेल तर बांधकाम परवानगीत वापर काय लिहिला आहे ते आधी बघावं लागतं.

करार नोंदवल्याशिवाय किल्ली नाही

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर वादाच्या वेळी भाडेकरू ज्या अटी सांगेल त्या ग्राह्य धरल्या जातात. हे एक वाक्य मालकाला सांगा. 'आमच्या ओळखीतलेच आहेत, साध्या बाँडवर लिहून देऊ' म्हणणारा मालकही मग निबंधक कार्यालयात यायला तयार होतो.

लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता जागा वापरायला देण्याचा करार, ६० महिन्यांपर्यंत करता येतं. मुद्रांक ०.२५ टक्के. भाडं २०,००० रुपये, मुदत पाच वर्षं आणि डिपॉझिट २ लाख धरा. भाड्याचे १२ लाख, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज १ लाख, एकूण १३ लाखांवर ३,२५० रुपये. नोंदणी शुल्क शहरी भागात १,०००, ग्रामीण भागात ५००. आठ-दहा हजारांचा खर्च येईल असं समजून मालक टाळाटाळ करत असतात. आकडा दाखवा, वाद संपतो.

जुन्या पेठेत पागडीचे गाळे आहेत, म्हणजे कधीकाळी एकरकमी पैसे देऊन कायमच्या भाड्याने घेतलेले. तिथे मालक वेगळा आणि ताबा वेगळा, दोघांची संमती लागते, आणि कोणाला किती हे ठरवण्यात महिने जातात. नवख्याने अशा गाळ्यात पडू नये. याच कायद्यात दुसरी एक गोष्ट आहे जी फार कमी मालकांना ठाऊक असते: बँका, सरकारी उपक्रम, आणि १ कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना दिलेल्या जागेला भाडे नियंत्रणाचं संरक्षण मिळत नाही. 'बँक शिरली की कधी निघायची नाही' या भीतीने जागा रिकामी ठेवणाऱ्या काकांना हे समजावून सांगितलं, तर तुमचं निम्मं काम तिथेच झालं.

बँका, शोरूम आणि मोठे भाडेकरू

राष्ट्रीयीकृत बँक जागेसाठी वर्तमानपत्रात आणि आपल्या संकेतस्थळावर जाहिरात देते. तांत्रिक आणि किमतीचा असे दोन वेगळे लिफाफे असतात. तळमजला, कार्पेट, पार्किंग, जनरेटरला जागा, स्ट्राँगरूमचं वजन पेलेल असं आरसीसी, सगळं त्यात लिहिलेलं असतं. आणि बहुतेक वेळा एक ओळ अशीही असते की मध्यस्थांना दलाली मिळणार नाही. नवे एजंट तिथेच जाहिरात खाली ठेवतात. मी ती घेऊन मालकाकडे जातो. त्याला अर्ज भरता येत नाही, आर्किटेक्टकडून नकाशा करून घ्यायचा असतो, मुदत चार दिवसांवर असते. हे सगळं मी करतो आणि दलाली मालकाकडून घेतो, आधी लेखी ठरवून. पाच-दहा वर्षांचा भाडेकरू मिळतोय म्हटल्यावर मालक नाही म्हणत नाही.

मोबाईल, चष्मे, सोनं, दुचाकी यांच्या साखळी दुकानांची माणसं कोल्हापूर किंवा पुण्याहून येतात आणि एका दिवसात तीन शहरं बघून जातात. त्यांना गोड बोलणं नको असतं. समोरची रुंदी, बोर्डाची जागा, शेजारी कोण आहे, संध्याकाळी सात वाजताची गर्दी. फोटो तेव्हाचाच काढून पाठवा. सकाळी अकराला काढलेल्या फोटोत आमच्या पेठा ओसाड दिसतात.

दलाली

भाड्याच्या जागेला एका बाजूकडून एक महिन्याचं भाडं, विक्रीला १ ते २ टक्के, हा सर्वसाधारण रिवाज. रिवाजच तो, म्हणून लिहून घ्या. एका पानाचं पत्र पुरे: जागा कुठली, दलाली किती, कोण देणार, कधी देणार. मी विक्रीत निम्मी साठेखताला (खरेदीआधीच्या कराराला) आणि निम्मी खरेदीखताला घेतो. सगळी शेवटी ठेवली तर खरेदीखताच्या दिवशी मालकाला अचानक आठवतं की गिऱ्हाईक खरं तर त्याच्या मेव्हण्याच्या ओळखीचं होतं. कंपनी दलाली देताना २ टक्के टीडीएस (आगाऊ आयकर) कापते, विवरणपत्र भरलं की तो हिशेबात येतो, त्यावरून भांडू नका.

टोकन कधीही स्वतःच्या खात्यावर घेऊ नका. थेट मालकाच्या खात्यात, चेकने किंवा आरटीजीएसने. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा अधिक रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि उद्या सौदा फिसकटला तर लोक पैसे मागायला तुमच्या दारात येतील.

आता जमीन

दोन वर्षं गाळे करून झाले की रिसॉर्ट, गोडाऊन, पेट्रोल पंप, काजू कारखाना यांच्यासाठी जागा शोधणारे आपसूक येतात. इथे कोकणचा सातबारा वाचता आला पाहिजे.

माझा पहिला मोठा सौदा महामार्गाजवळचा, सव्वा एकर. सातबारावर अकरा नावं. दहा जण तयार होते, टोकन गेलं, मी गाडी बघायला लागलो होतो. अकरावे गृहस्थ मुंबईत बऱ्याच वर्षांपूर्वी वारलेले, वारस नोंद झालेलीच नाही, आणि त्यांच्या तीन मुलांपैकी एकाशी भावकीचं बोलणं बंद. आठ महिने गेले. गिऱ्हाईकाने टोकन परत घेतलं आणि पुढच्या तालुक्यात जागा घेतली. तेव्हापासून जागा बघायला जायच्या आधी मी सातबारा, ८अ (खातेदाराच्या जमिनींचा उतारा) आणि सगळे फेरफार (मालकी-हक्क बदलल्याच्या नोंदी) काढतो. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत ऑनलाइन मिळतो. पंधरा रुपये आधी घालवले असते तर आठ महिने वाचले असते.

नावं मोजून झाली की सातबाऱ्यावरचा 'इतर हक्क' रकाना बघा. खोती, म्हणजे गावाचा सारा गोळा करणाऱ्या खोतांची पद्धत, १९४९ च्या कायद्याने गेली, जमीन कसणारी कुळं मालक झाली, पण त्या बदलाच्या खुणा अजून तिथे बसलेल्या आहेत. कुळकायद्याने मिळालेली जमीन कलम ४३ च्या बंधनात असते. कलम ३२ म चं (कुळाने जमीन खरेदी केल्याचं) प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या (शेतसाऱ्याच्या) ४० पट रक्कम भरून विकता येते, त्याआधी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. भोगवटादार वर्ग २ (विकण्यावर सरकारी बंधन असलेली जमीन) असेल तर परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. देवस्थानची जमीन असेल तर वकिलाशिवाय बोलूच नका. आणि घेणारा शेतकरी नसेल तर शेतजमीन त्याच्या नावावर थेट होत नाही. मुंबईचा रिसॉर्टवाला हे ऐकून 'मग मुखत्यारपत्र करून घेऊ' म्हणतो. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्याला ते पहिल्याच भेटीत सांगा, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

समुद्र दिसत असेल तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम. २०१९ च्या अधिसूचनेप्रमाणे ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटर ना-विकास क्षेत्र, दाट वस्तीच्या गावांत ५०. खाडीच्या काठाला ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. कांदळवन असेल तर नियम आणखी कडक. पण मीटर तुम्ही पायाने मोजायचे नाहीत. त्या सर्व्हे नंबरचा किनारा नकाशा बघायचा आणि अधिकृत संस्थेकडून आखणी करून घ्यायची. 'शेजाऱ्याने बांधलंय ना' हे आमच्याकडचं लाडकं उत्तर. शेजाऱ्याला नोटीस आली आहे का, तेही विचारा.

सिंधुदुर्गात, विशेषतः सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात, वनसंज्ञा (जमीन वन म्हणून धरली जाणं) आणि खाजगी वनाची नोंद हा वेगळाच फेरा आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळावरून जानेवारी २०२३ मध्ये उड्डाणं चालू झाली आणि बांदा-दोडामार्गच्या जमिनींची विचारणा वाढली. सातबाऱ्यावर खाजगी नाव दिसतं, वर काजूची कलमं असतात, आणि तरीही जमीन वनाच्या यादीत निघते. वन विभागाकडून लेखी घेतल्याशिवाय गिऱ्हाईकाला मुंबईहून बोलावू नका.

यानंतर नगररचना कार्यालयातून झोन दाखला, भूमी अभिलेखकडून मोजणीची क प्रत (हद्दी दाखवणारा नकाशा), आणि रस्ता. रस्ता नकाशावर आहे की शेजाऱ्याच्या मेहेरबानीवर? गडग्यात दोन चिरे काढून केलेली वाट म्हणजे रस्ता नव्हे. महामार्गाला लागून असेल तर इमारत रेषा, नियंत्रण रेषा (रस्त्यापासून बांधकामाला अंतर सोडायच्या रेषा) आणि प्रवेशाची परवानगी, तीनही तपासा. बिनशेतीचे नियम गेल्या काही वर्षांत वारंवार बदलले आहेत, म्हणून तहसीलमधून त्या महिन्याचा नियम विचारून घ्या, मागच्या सौद्याच्या आठवणीवर जाऊ नका. मग वकिलाकडून मागच्या तीस वर्षांच्या नोंदींचा सर्च आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस.

औद्योगिक शेड हवी असेल तर एमआयडीसी (महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ) सोपी पडते. लोटे-परशुराम, खेर्डी, खडपोली, मिरजोळे, कुडाळ. जमीन महामंडळाची, प्लॉट ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, त्यामुळे वारस आणि कुळ यांची भानगड नाही. हस्तांतराला महामंडळाची परवानगी आणि फरकाची रक्कम लागते. बांधकाम पूर्णत्वाचा दाखला आहे का, पाणी आणि सेवाशुल्क थकलं आहे का, एवढं आधी बघा.

कोकणचं पंचांग

जागा पावसात दाखवा. जुलैत जी जमीन आणि जो गाळा कोरडा, तो बारा महिने कोरडा. नवे एजंट नेमके मे महिन्यात फिरवतात, सगळं सुंदर दिसतं आणि पावसाळ्यात तक्रारी येतात.

सह्या हव्या असतील तर गणपती आणि शिमगा. चाकरमानी तेव्हाच गावात असतो, अकराच्या अकरा नावं एका ओटीवर बसलेली सापडतात. मात्र आरतीच्या वेळी कागद काढू नका. गौरी जेवल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी जा, सगळ्यात म्हाताऱ्या माणसाशी आधी बोला, आणि प्रत्येकाच्या आधार-पॅनची प्रत तेव्हाच घेऊन ठेवा. पितृपक्षात नवीन बोलणी निघत नाहीत, ते पंधरा दिवस फेरफार आणि मोजणीच्या अर्जांना द्या. टोकन लोकांना दसऱ्याला किंवा पाडव्याला द्यायला आवडतं, त्यांच्या त्या आवडीला धरून तारीख लावा.

किल्ली देताना

दलाली हातात पडली की बरेच जण फोन उचलायचे बंद करतात. मी किल्लीच्या दिवशी जागेवर असतो. वीज मीटरचं रीडिंग, पाण्याचं मीटर, शटरची स्थिती, भिंतीवरची ओल, सगळ्याचे फोटो काढून दोघांनाही पाठवतो. डिपॉझिटची पावती झाली का, घरपट्टी कोणी भरायची, बोर्डाची परवानगी कोण काढणार, हे तिथल्या तिथे विचारून घेतो. घरी आल्यावर वही काढून त्या गाळ्याच्या ओळीत नवं नाव, नवं भाडं आणि करार संपायची तारीख लिहितो. त्या तारखेच्या तीन महिने आधीच्या पानावर मालकाचं नाव टाकून ठेवतो.